नाउरूकडे विकायला आता देशच उरला आहे

ऑगस्ट २०२५च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाचे गृहमंत्री पॅसिफिक महासागरातल्या नाउरू या बेटदेशाला गेले आणि एका करारावर सह्या करून परतले. पार्श्वभूमी अशी, की ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टानं, म्हणजे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं, नोव्हेंबर २०२३मध्ये एक निकाल दिला होता. ज्या परदेशी माणसांना मायदेशी पाठवणं शक्य नाही, त्यांना बेमुदत डांबून ठेवता येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्यानंतर साडेतीनशेच्या आसपास माणसांना या निकालाचा फायदा मिळाला. त्यांतल्या अनेकांवर गुन्हे सिद्ध झाले होते आणि त्यांनी शिक्षाही भोगली होती. सरकारची मात्र राजकीय पंचाईत झाली. मग तोडगा निघाला, की ही माणसं नाउरूनं घ्यावीत, त्यांना तीस वर्षांचे व्हिसा द्यावेत आणि त्याबदल्यात ऑस्ट्रेलियानं सुरुवातीला ४० कोटी ८० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि पुढे दरवर्षी ७ कोटींपर्यंत मोजावेत. तीस वर्षांत ही रक्कम अडीच अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकते. नाउरूची लोकसंख्या आहे बारा हजारांच्या आसपास.

अशी बातमी आली की नाउरूची एक ठरावीक गोष्ट पुन्हा फिरू लागते. फॉस्फेट या खतासाठीच्या खनिजामुळे एकेकाळी जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांत गणला जाणारा देश, विमानं आणि महागड्या गाड्या घेणारे आळशी लोक, हातातला पैसा उडवून भिकेला लागले, आता काहीही विकायला तयार. मराठीतही ही गोष्ट मी अनेकदा वाचली आहे, बहुतेक वेळा काटकसरीच्या उपदेशासकट. तिच्यातले बरेच तपशील खरे आहेत. पण तिची सुरुवात चुकीच्या जागी होते आणि म्हणून तिचा निवाडाही चुकतो. नाउरूनं उधळपट्टी केली त्याच्या साठ वर्षं आधीपासून त्या बेटाची जमीन इतरांनी जहाजात भरून नेली होती. आणि आज ते बेट जे विकतं आहे, ते विकत घेणारे तेच शेजारी आहेत. विक्रेत्याला नावं ठेवताना गिऱ्हाइकाकडे कुणी पाहत नाही, हे मला खटकतं.

आधी बेट किती आहे ते पाहू. एकवीस चौरस किलोमीटर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात असे चार नाउरू सहज मावतील. विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला, भोवती दूरवर नुसता महासागर. किनाऱ्यालगत जेमतेम शे-दोनशे मीटर रुंदीची सुपीक पट्टी, तिच्यावर माडाची झाडं, घरं, शाळा, विमानतळाची धावपट्टी आणि बेटाला वळसा घालणारा एकच रस्ता. देशाला अधिकृत राजधानी नाही. सरकारी कचेऱ्या यारेन नावाच्या जिल्ह्यात आहेत. मधला सगळा उंचवटा, ज्याला तिथे ‘टॉपसाइड’ म्हणतात, म्हणजे बेटाचा ऐंशी टक्के भाग, खाणकामानं संपला आहे.

संपला म्हणजे काय झालं, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण आपल्या डोळ्यांसमोर खाण म्हटलं की खड्डा येतो. नाउरूवर फॉस्फेट हे प्रवाळाच्या चुनखडी सुळक्यांच्या फटींमध्ये साचलेलं होतं. वर माती होती, झाडी होती. क्रेनच्या पंज्यांनी फटींमधलं फॉस्फेट उपसून काढलं, की मागे राहतात ते नुसते करडे, धारदार सुळके, काही ठिकाणी दोन-तीन मजली घराएवढे उंच, एकमेकांना इतके खेटून की मधून माणसाला चालताही येत नाही. तिथे पाणी थांबत नाही, माती नाही, त्यामुळे शेत नाही की घर बांधायला सपाट जागा नाही. अशी जमीन पुन्हा वापरात आणायची तर सुळके फोडून सपाट करावे लागतात आणि वर माती आणून टाकावी लागते. ती माती त्या बेटावर उरलेली नाही.

या सगळ्याची सुरुवात झाली सिडनीमधल्या एका कंपनीच्या कचेरीत. तिथे दार उघडं ठेवायला एक दगड लावलेला असे. नाउरूहून कुणीतरी आणलेला तो तुकडा अश्मीभूत लाकडाचा आहे, असं सगळ्यांना वाटत होतं. १८९९ साली अल्बर्ट एलिस नावाच्या कर्मचाऱ्याला शंका आली, त्यानं तो तपासला आणि तो निघाला उत्तम प्रतीचा फॉस्फेट. तेव्हा नाउरू जर्मनीच्या ताब्यात होतं. १९०६च्या सुमारास खाणकाम सुरू झालं. जमिनीच्या मालकांना टनामागे अर्धा पेनी मिळे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्यानं बेट घेतलं. युद्धानंतर राष्ट्रसंघानं ते ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांच्या हवाली केलं. विश्वस्त म्हणून. या तिघांनी मिळून ‘ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स’ ही संस्था काढली आणि नाउरूचं फॉस्फेट आपापल्या शेतकऱ्यांना जवळजवळ उत्पादनखर्चात, जागतिक बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त पुरवलं.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची माती मुळात फॉस्फरसला गरीब. तिथली कुरणं, त्यांवर वाढलेली गाई-मेंढरं, त्या जोरावर उभी राहिलेली लोकर आणि दुधाची निर्यात, यांत नाउरूच्या जमिनीचा वाटा आहे. अक्षरशः एका देशाची माती दुसऱ्या दोन देशांच्या शेतात पसरली गेली. मला वाटतं, नाउरूबद्दल बोलायची सुरुवात इथून व्हायला हवी.

मधल्या काळात नाउरूच्या माणसांचं काय झालं? १९२०च्या साथीत इतके लोक गेले की आपला समाज टिकेल की नाही, अशी भीती निर्माण झाली. समाज टिकायला किमान १५०० माणसं हवीत असं मानलं जाई आणि १९३२ साली तो आकडा पुन्हा गाठला गेला तेव्हा बेटानं उत्सव केला. तो ‘अंगाम’ दिवस आजही २६ ऑक्टोबरला पाळतात. दुसऱ्या महायुद्धात जपाननं बेट घेतलं. कुष्ठरोग झालेल्या ३९ नाउरूवासीयांना एका होडीत बसवून समुद्रात नेलं आणि मारलं. बाराशे लोकांना ट्रुक बेटांवर मजुरीला नेलं. त्यांतले ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ रोजी घरी परतले. बावीस वर्षांनी, १९६८ साली, त्याच तारखेला नाउरू स्वतंत्र झाला. ही तारीख त्यांनी मुद्दाम निवडली.

स्वातंत्र्याच्या आधी आणखी एक गोष्ट घडली आणि ती माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा कणा आहे. खाणकामानंतर बेट राहण्यालायक उरणार नाही, हे विश्वस्त देशांना ठाऊक होतं. म्हणून ऑस्ट्रेलियानं प्रस्ताव ठेवला, की सगळ्या नाउरूवासीयांनी क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळच्या कर्टिस बेटावर येऊन राहावं. घरं मिळतील, नागरिकत्व मिळेल. हॅमर डीरॉबर्ट या त्यांच्या नेत्यानं आणि समाजानं १९६४ साली नकार दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं: तिथे गेलो तर आपण ऑस्ट्रेलियन होऊ, नाउरूचे राहणार नाही. नव्या बेटावर आपलं राज्य आपण चालवू, अशी त्यांची मागणी होती आणि ती ऑस्ट्रेलियाला मान्य नव्हती. उघड्याबोडक्या सुळक्यांच्या बेटावर राहू, पण आपलं सरकार आपलंच असेल, असा निर्णय मूठभर माणसांनी घेतला. पैशासाठी काहीही विकणारे लोक हा शिक्का मारणाऱ्यांनी हा निर्णय लक्षात ठेवावा.

डीरॉबर्ट पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. कमिशनर्सची यंत्रसामग्री आणि हक्क नाउरूनं २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून विकत घेतले, म्हणजे आपलीच जमीन खणण्याचा हक्क स्वतःच्या पैशानं सोडवून घ्यावा लागला. १९७०पासून खाण नाउरूच्या हातात आली आणि पुढल्या वीस वर्षांत अफाट पैसा आला.

आता उधळपट्टीबद्दल. ती झाली आणि ती झाकण्यात काही अर्थ नाही. फॉस्फेटच्या उत्पन्नातला हिस्सा ‘रॉयल्टी ट्रस्ट’मध्ये जात होता आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती गंगाजळी एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेली होती. मेलबर्नमध्ये १९७७ साली ५२ मजली नाउरू हाउस उभं राहिलं. हॉटेलं घेतली, विमान कंपनी काढली. प्रवाशांपेक्षा रिकाम्या खुर्च्या जास्त नेणारी विमानं पॅसिफिकभर फिरत राहिली. लंडनमध्ये लिओनार्दो दा विंचीच्या आयुष्यावर संगीत नाटक काढायलाही सरकारी पैसा गेला आणि ते काही आठवड्यांत बंद पडलं. आयकर नव्हता, तो २०१४मध्ये आला. इमारतींवर कर्ज काढलं, कर्ज फेडायला आणखी कर्ज काढलं. २००४मध्ये नाउरू हाउस गेलं आणि डिसेंबर २००५मध्ये देशाचं शेवटचं बोइंग विमान सावकारानं जप्त केलं. त्यानंतर काही काळ नाउरूला स्वतःच्या विमानानं बाहेर पडण्याची सोय राहिली नाही.

यात नाउरूच्या नेत्यांचा दोष मोठा आहे. स्वातंत्र्यानंतरचं खाणकाम त्यांनीच चालवलं, परकीयांनी खणली त्यापेक्षा जास्त जमीन त्यांच्या काळात खणली गेली, आणि त्या काळात पुनर्वसनासाठी त्यांनीही काही केलं नाही. मात्र गुंतवणुकीचे सल्ले देणारे, इमारती विकणारे, कर्ज देणारे, कमिशन घेणारे बाहेरचे होते. देशात त्या वेळी उच्चशिक्षित माणसं बोटांवर मोजण्याइतकी. विश्वस्त म्हणवणाऱ्यांनी जवळपास पन्नास वर्षांत हिशेब ठेवू शकणारी, कायदा जाणणारी पिढी घडवली नाही आणि मग एका दिवशी अब्जावधींचा व्यवहार त्यांच्या हातात देऊन ते निघून गेले.

शेजारच्या किरिबातीशी तुलना करून पाहा. तिथल्या बनाबा बेटाचंही फॉस्फेट याच कमिशनर्सनी उपसलं. पण १९५६ साली, वसाहतकाळातच, त्या उत्पन्नातून एक राखीव निधी सुरू झाला आणि तो आजही शाबूत आहे. सरकारच्या महसुलातली तूट तो भरून काढतो. मात्र ही तुलना करताना बनाबाच्या माणसांना विसरू नये. त्यांना १९४५मध्ये उचलून फिजीतल्या राबी बेटावर नेऊन ठेवलं आणि त्यांचं मूळ बेट १९७९पर्यंत खणत राहिले. निधी वाचला, पण ज्यांची जमीन होती ते लोक तिथून उठले. नाउरूच्या लोकांनी १९६४मध्ये कशाला नकार दिला होता, हे यावरून कळतं.

नाउरूनं नंतर आपल्या नुकसानीसाठी कायद्याचा रस्ता धरला, हेही फारसं कुणी सांगत नाही. १९८६मध्ये सरकारनं श्रीलंकेचे न्यायविद सी. जी. वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. स्वातंत्र्याआधी खणलेल्या जमिनीच्या पुनर्वसनाची जबाबदारी तिन्ही विश्वस्त देशांची आहे, असा निष्कर्ष त्या आयोगानं काढला. १९८९मध्ये नाउरूनं ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. ऑस्ट्रेलियानं प्राथमिक आक्षेप घेतले. २६ जून १९९२ रोजी न्यायालयानं त्यांतले जवळपास सगळे फेटाळून खटला ऐकण्यायोग्य ठरवला. म्हटल्यावर ऑस्ट्रेलियानं १९९३मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड केली: १० कोटी ७० लाख डॉलर, त्यांतले ५ कोटी ७० लाख तत्काळ आणि उरलेले वीस वर्षं हप्त्यांनी. ब्रिटन आणि न्यूझीलंडनं त्यात प्रत्येकी १ कोटी २० लाखांचा वाटा दिला. ऑस्ट्रेलियानं दोष कबूल केला नाही. आवळा देऊन कोहळा काढणं ज्याला म्हणतात, ते हे. त्या पैशात टॉपसाइड परत मिळण्यासारखं नव्हतं आणि मिळालेलं नाही. पुनर्वसन महामंडळ १९९९मध्ये स्थापन झालं. आजवर त्यानं सपाट केलेली जमीन अगदी थोडी आहे.

फॉस्फेट संपत आलं, गंगाजळी संपली, जमीन नापीक. अशा वेळी एखाद्या देशाकडे विकण्यासारखं काय उरतं? देश असणं. संयुक्त राष्ट्रांत एक मत, बँकांना परवाना देण्याचा हक्क, पासपोर्ट छापण्याचा हक्क, कुणाला आत घ्यायचं ते ठरवण्याचा हक्क. नाउरूनं गेल्या तीस वर्षांत हे सगळं एकेक करून बाजारात मांडलं. नव्वदच्या दशकात शेकडो कागदी बँका तिथे नोंदल्या गेल्या. रशियातून एकट्या १९९८ साली सुमारे ७० अब्ज डॉलर या बँकांमधून फिरले, असं रशियाच्या मध्यवर्ती बँकेच्या उपाध्यक्षांनी सांगितलं. मग काळी यादी, निर्बंध, आणि २००५मध्ये यादीतून सुटका. राजनैतिक मान्यता २००२मध्ये चीनला, २००५मध्ये तैवानला आणि जानेवारी २०२४मध्ये, तैवानची निवडणूक होऊन दोन दिवस उलटताच, पुन्हा चीनला. २००९मध्ये रशियापाठोपाठ अबखाझियाला मान्यता. २०२५पासून १ लाख ५ हजार अमेरिकी डॉलरपासून नागरिकत्व, ज्यातून लोकांना किनाऱ्यावरून उंचवट्यावर हलवायचा खर्च काढण्याची योजना आहे. समुद्र वाढतोय आणि राहती पट्टी किनाऱ्यालाच आहे, त्यामुळे ती गरज खोटी नाही.

सर्वांत मोठं गिऱ्हाइक अर्थात ऑस्ट्रेलिया. ऑगस्ट २००१मध्ये टाम्पा नावाच्या नॉर्वेच्या मालवाहू जहाजानं बुडत्या बोटीतून ४३३ आश्रयार्थी वाचवले आणि ऑस्ट्रेलियानं त्यांना आपल्या किनाऱ्याला लागू दिलं नाही. काही आठवड्यांत अशा लोकांना नाउरूवर छावणीत ठेवण्याचा करार झाला. पहिल्या पॅकेजात वीजनिर्मितीच्या इंधनाची सोय होती, यावरून बेटाची तेव्हाची स्थिती कळावी. छावणी २००८मध्ये बंद झाली, २०१२मध्ये पुन्हा उघडली. ती टॉपसाइडवर, खणून झालेल्या जमिनीवर आहे. ज्या जमिनीवर ऑस्ट्रेलियानं पिकं काढण्यासाठी खत उपसलं, तिथेच ऑस्ट्रेलियाला नको असलेली माणसं ठेवली गेली. लहान मुलंही होती. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या मानसोपचार पथकाला नाउरू सरकारनं निघून जायला सांगितलं. बाहेर आल्यावर त्या डॉक्टरांनी आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न यांबद्दल जे सांगितलं ते वाचवत नाही.

याचा नाउरूच्या राज्यकारभारावर काय परिणाम झाला, तो मला सर्वांत गंभीर वाटतो. नाउरूची लोकशाही मुळात जिवंत आहे. एकोणीस जणांची संसद, आठ मतदारसंघ, पक्ष जवळपास नाहीतच. मतदानाची पद्धत तर जगात वेगळी: मतदार सगळ्या उमेदवारांना पसंतीक्रम देतो, पहिल्या पसंतीला एक मत, दुसरीला अर्धं, तिसरीला एक तृतीयांश. १९७१पासून हे चालू आहे. काहीशे मतांवर माणूस निवडून येतो, त्यामुळे प्रत्येक आमदार मतदाराला घराणं, कुळ आणि जमिनीच्या नात्यानं ओळखतो. राष्ट्राध्यक्ष संसदेतून निवडला जातो आणि अविश्वास ठरावानं जातो. १९८९ ते २००३ या काळात सतरा वेळा सरकार बदललं. हे अस्थिर होतं, पण सत्तेला जाब विचारला जात होता.

जमिनीचंही असंच. सरकारची स्वतःची जमीन जवळजवळ नाही. सगळी घराण्यांची, आणि एकेका तुकड्याला वारसाहक्कानं कित्येक मालक. बुआडाच्या तळ्यात पूर्वी प्रत्येक कुटुंबाचा पाण्याचा वाटा आखलेला असे आणि त्यात समुद्रातून आणलेली इबिजा माशांची पिल्लं वाढवत. बाहेरून आणलेल्या तिलापियानं ती शेती बिघडवली. पण वाट्याची आणि सहमतीची ही रीत समाजात खोल आहे. सरकारला शाळा बांधायची तरी मालकांशी बोलावं लागतं. हुकूमशाही उगवायला ही जमीन अनुकूल नव्हती.

छावणीचा पैसा आला आणि चित्र पालटलं. जानेवारी २०१४मध्ये नाउरूचे ऑस्ट्रेलियन सरन्यायाधीश जेफ्री ईम्स यांचा व्हिसा रद्द झाला, त्यांना बेटावर परतता आलं नाही. दंडाधिकाऱ्यांना हाकलण्यात आलं. त्याच वर्षी परदेशी पत्रकाराच्या व्हिसा अर्जाचं शुल्क २०० डॉलरवरून ८,००० डॉलर झालं. व्हिसा नाकारला तरी पैसे परत नाहीत. २०१५मध्ये संसदेबाहेर निदर्शनं झाली, निदर्शकांवर वर्षानुवर्षं खटला चालला. फेसबुक तीन वर्षं बंद राहिलं. १९७६पासून नाउरूच्या नागरिकाला ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टात अपील करता येत होतं, तो दरवाजा २०१८मध्ये बंद झाला. कॅनबेरानं या सगळ्यावर सौम्य चिंता व्यक्त केली आणि हप्ते चालू ठेवले. उत्पन्नाचा मोठा भाग एका परकीय सरकारकडून येत असेल आणि तो गुप्त कराराखाली येत असेल, तर राज्यकर्त्याला स्वतःच्या मतदारापेक्षा त्या सरकारला खूश ठेवणं सोयीचं होतं. बारा हजारांच्या समाजात तर फारच.

इथे कुणी म्हणेल, मग लहान देशानं जगायचं कसं? विकल्याशिवाय पर्याय काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं एक उत्तर खुद्द नाउरूच्या नावानंच आहे. १९८२मध्ये पॅसिफिकमधल्या बेटदेशांनी ‘नाउरू करार’ केला. आज त्यात आठ देश आहेत: नाउरू, किरिबाती, तुवालू, मार्शल बेटं, पलाऊ, मायक्रोनेशिया, सॉलोमन बेटं आणि पापुआ न्यू गिनी. जगातल्या ट्यूनापैकी फार मोठा भाग यांच्या समुद्रात सापडतो. जपान, तैवान, कोरिया, अमेरिका, चीन यांची जहाजं एकेका देशाशी वेगळा सौदा करून मातीमोल भावात मासे नेत. या देशांनी ठरवलं, की मासेमारीचे एकूण दिवस आपण ठरवू, ते आपसांत वाटून घेऊ, आणि एका दिवसाचा किमान भाव सगळ्यांचा एकच असेल. तो ८ हजार अमेरिकी डॉलर ठरला. २०१०मध्ये सगळ्यांचं मिळून उत्पन्न ६ कोटी डॉलरच्या आसपास होतं. दहा वर्षांच्या आत ते जवळजवळ ५० कोटींवर गेलं. मासा तोच, समुद्र तोच, खरेदीदारही तेच. बदल एवढाच झाला, की विक्रेते एकत्र आले आणि भाव उघड झाला. शिवाय मासे पुन्हा येतात, फॉस्फेट येत नाही.

म्हणून माझा आक्षेप विकण्याला नाही. एकट्यानं, गुपचूप आणि एकाच गिऱ्हाइकाला विकण्याला आहे. नाउरूचा फॉस्फेटचा व्यवहार तसा होता, छावणीचाही तसाच आहे, आणि आता समुद्रतळाचा व्यवहार त्याच वळणावर चालला आहे.

हवाई आणि मेक्सिको यांच्यामधल्या समुद्राच्या तळाशी निकेल, कोबाल्ट, मँगनीज असलेले बटाट्याएवढे धातूचे गोळे पसरले आहेत. तिथल्या सुमारे ७५ हजार चौरस किलोमीटरच्या पट्ट्याचा शोधपरवाना नाउरूनं पुरस्कृत केलेल्या कंपनीकडे आहे. कंपनी प्रत्यक्षात कॅनडात नोंदलेल्या उद्योगाची. खुल्या समुद्राच्या तळावरच्या खाणकामाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाला २०१०मध्ये नाउरूनंच विचारलं होतं, की नुकसान झालं तर पुरस्कर्त्या देशाची जबाबदारी किती? ती आम्हाला झेपणार नाही, अशी भीती त्या निवेदनात होती. सागरी न्यायाधिकरणानं फेब्रुवारी २०११मध्ये स्पष्ट सांगितलं, की देश गरीब आहे म्हणून देखरेखीचे निकष सैल होणार नाहीत. म्हणजे नफ्याचा मोठा वाटा कंपनीचा, देखरेखीची जबाबदारी बेटाची. तरीही जून २०२१मध्ये नाउरूनं दोन वर्षांत नियम ठरवा, अशी नोटीस प्राधिकरणाला दिली. नियम ठरले नाहीत. पॅसिफिकमध्येच यावर दोन तट आहेत. पलाऊ आणि फिजी यांनी २०२२मध्ये खोल समुद्रातल्या खाणकामाला स्थगिती देण्याची आघाडी उभी केली. १९०६च्या अर्ध्या पेनीची आठवण त्या वेळी नाउरूच्या मंत्रिमंडळात कुणी करून दिली असती तर बरं झालं असतं.

या प्रश्नात आपण तटस्थ प्रेक्षक नाही. असेच गोळे हिंदी महासागरातून १९८१मध्ये ‘गवेषणी’ या जहाजानं वर काढले, ते गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कामातून. १९८७मध्ये भारताला पहिल्या गुंतवणूकदार देशाचा दर्जा मिळाला आणि मध्य हिंदी महासागरात आपल्याकडेही ७५ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा आहे. प्राधिकरणाच्या परिषदेत भारत बसतो. नियम ठरतील तेव्हा पुरस्कर्त्या लहान देशाला मिळणारा वाटा किती आणि नुकसानीची भरपाई आधी कुणाच्या खिशातून, या दोन कलमांवर भारतानं नाउरूसारख्यांच्या बाजूनं ठामपणे बोलायला हवं. पॅसिफिकच्या चौदा देशांशी आपला २०१४पासून संवाद-मंच आहे. तिथे सौर दिवे आणि संगणक भेट देण्यापलीकडे हा विषय यायला हवा.

ऑस्ट्रेलियाकडून अपेक्षा याहून मोठी. डिसेंबर २०२४मध्ये तिनं नाउरूशी आणखी एक तह केला: पाच वर्षांत १० कोटी डॉलर अर्थसंकल्पाला, ४ कोटी पोलिसांना, आणि बदल्यात सुरक्षा, बँकिंग, दूरसंचार या क्षेत्रांत नाउरूनं इतर कुणाशी करार करण्याआधी ऑस्ट्रेलियाची संमती घ्यायची. आता तर ४० कोटींचा नवा व्यवहार. या पैशातून टॉपसाइडचं पुनर्वसन होणार असेल तर तसं लिहून द्या. १९९३ची तडजोड संपली म्हणून ती जबाबदारी संपली असं नैतिकदृष्ट्या कुणी म्हणू शकत नाही. कराराचा मजकूर दोन्ही संसदांसमोर ठेवा. पाठवल्या जाणाऱ्या माणसांना आणि नाउरूच्या नागरिकांना दाद मागायला पुन्हा स्वतंत्र वरिष्ठ न्यायालय द्या.

नाउरूनं स्वतःही काही पावलं टाकली आहेत, ती नोंदवली पाहिजेत. २०१५मध्ये ‘आंतरपिढी विश्वस्त निधी’ सुरू झाला. त्याच्या कारभारात बाहेरचे देणगीदारही बसतात, आणि दीर्घ मुदतीपर्यंत मुद्दल काढता येत नाही. जुन्या ट्रस्टचा धडा त्यात दिसतो. पण त्या निधीत येणारा पैसा छावणीचा की माशांचा, हे ठरवणारे लोक शेवटी एकोणीस आमदार आणि त्यांना निवडून देणारे काही हजार मतदार आहेत. त्यांना निर्णय घेता यावा म्हणून आधी माहिती मिळाली पाहिजे. पत्रकाराच्या अर्जाचं ८,००० डॉलरचं शुल्क रद्द करायला नाउरूला कुणाच्याही परवानगीची गरज नाही, आणि त्यासाठी कुणाचा हप्ताही लागत नाही.